मूल कोर्टाबाहेर जे बोलतं, त्याचं कोर्टात काय होतं?

प्रश्न एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. दुसरीतल्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत त्यांना शेजारी राहणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं. बाईंनी कळवलं, गुन्हा नोंदला गेला, मुलीचे जबाब झाले. आता खटला उभा राहतोय आणि घरचे कच खायला लागलेत. बाई विचारतात, "मुलगी कोर्टात बोललीच नाही, तर तिनं मला जे सांगितलं त्यावर त्याला शिक्षा होईल का? आणि होणार नसेल तर माझ्या साक्षीचा उपयोग काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की, निव्वळ तेवढ्यावर जवळजवळ कधीच नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र, खूप उपयोग आहे. तो नेमका किती, हे बाईंनी त्या मधल्या सुट्टीत आणि पुढच्या काही तासांत काय केलं, यावर ठरतं. बरीच वर्षं पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचे, खटले चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय, की अशा खटल्याचा निकाल पुष्कळदा पोलीस ठाण्यापर्यंत पोचण्याआधीच अर्धा ठरलेला असतो. मुलानं पहिल्यांदा कुणाला सांगितलं आणि त्या माणसानं ते कसं ऐकलं, तिथे तो ठरतो.

आधी कायद्याचा पाया पाहू. तोंडी पुरावा थेट हवा, हा आपल्याकडचा मूळ नियम. जो पाहतो त्यानं 'मी पाहिलं' म्हणून सांगायचं, जो ऐकतो त्यानं 'मी ऐकलं' म्हणून. बाईंनी गुन्हा पाहिलेला नाही. त्यांनी मुलीचं बोलणं ऐकलं आहे. त्यामुळे 'तो माणूस असं वागला' हे सिद्ध करायला बाईंची साक्ष ऐकीव ठरते. पण 'मुलीनं मला अमुक दिवशी असं सांगितलं' हे बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि तेवढ्यापुरती त्यांची साक्ष थेट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ठेवता आल्या की पुढचं सगळं समजतं.

ऐकीव पुराव्याला मनाई हा वकिलांचा कावा नव्हे. ज्याच्या शब्दावर माणसाला वीस वर्षं तुरुंगात टाकायचं, त्याला कोर्टासमोर दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत, एवढाच त्यामागचा विचार आहे. मुलांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांनी हा विचार मनापासून मान्य करावा, असं मला वाटतं. आई-वडिलांच्या ताब्याच्या भांडणात किंवा भावकीच्या वादात मुलाच्या तोंडी शब्द घातले गेल्याची प्रकरणंही कोर्टापुढे येतात.

मग मुलाच्या बाहेरच्या बोलण्याला दार कुठून उघडतं? मुख्य दार आहे ते पुष्टीचं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १५७ म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १६०. (नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधीपासून चालू असलेले खटले जुन्याच कायद्यानं चालतात, म्हणून कोर्टात अजून दोन्ही आकडे कानावर पडतात.) हे कलम म्हणतं, की साक्षीदारानं कोर्टात जे सांगितलं तेच त्यानं आधी, घटना घडली त्या सुमारास कुणाला सांगितलं असेल, किंवा चौकशीचा कायदेशीर अधिकार असलेल्या यंत्रणेपुढे सांगितलं असेल, तर ते आधीचं बोलणं त्याच्या साक्षीला पुष्टी म्हणून सिद्ध करता येतं.

याचं आजही रोज लागणारं उदाहरण १९५२ सालच्या निकालसंग्रहातलं आहे, रामेश्वर विरुद्ध राजस्थान. मुलगी आठ वर्षांची. घटनेनंतर सुमारे चार तासांनी तिनं आईला सांगितलं. आईची साक्ष चालेल का, आणि त्या चार तासांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की 'त्या सुमारास' हे घड्याळ लावून मोजायचं नाही. परिस्थिती पाहता जितक्या लवकर सांगणं शक्य होतं तितक्या लवकर सांगितलं का, आणि पढवायला किंवा रचायला वाव मिळण्याआधी सांगितलं का, हे पाहायचं. आईची साक्ष ग्राह्य धरली गेली. मुलाच्या साक्षीला पुष्टी हवीच असा कायदा नाही, तो सावधगिरीचा भाग आहे, हेही याच निकालात स्पष्ट झालं.

आता या कलमातली अट नीट पाहा. पुष्टी कशाला, तर साक्षीला. मुलीनं कोर्टात साक्ष दिली तर बाईंचं बोलणं त्या साक्षीला बळ देतं. मुलीनं साक्षच दिली नाही, तर बळ द्यायला समोर काही उरत नाही. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी येतं ते इथे.

हेच दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाला लागू आहे, आणि याबद्दल पालकांचा फार मोठा गैरसमज असतो. '१६४ झालंय, आता काळजी नाही' असं मी कितीदा तरी ऐकते. जुन्या फौजदारी संहितेचं १६४, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. हा जबाब वजनदार असतो, न्यायिक अधिकाऱ्यानं घेतलेला असतो, पण तो स्वतंत्र पुरावा नाही. पुष्टी किंवा विसंगती दाखवणं, एवढ्या दोन कामांसाठीच तो वापरता येतो. २०१३ च्या आर. शाजी विरुद्ध केरळ या निकालात हे सरळ सांगितलं आहे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबाचं स्थान त्याहून खाली, साक्षीदाराला खोटं पाडण्यापुरतं. सरकार पक्षाला तो पुष्टीसाठी वापरता येत नाही. फिर्याद वेगळी. पण फिर्याद बाईंनी किंवा मुख्याध्यापकांनी दिली असेल तर ती त्यांच्याच साक्षीला पुष्टी देते, मुलीच्या नव्हे.

एक मोठा अपवाद आहे आणि तो वापरायचा राहून जातो. पीडित व्यक्तीला शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असेल, तात्पुरतं का असेना, तर कलम १८३(६) नुसार दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब हाच सरतपास (कोर्टातली मूळ साक्ष) मानला जातो. मूल पुन्हा सगळं सांगत बसत नाही, थेट त्या जबाबावर उलटतपास होतो. अशा मुलासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक लागतो आणि जबाबाचं चित्रीकरण व्हावं लागतं. गतिमंद किंवा कर्णबधिर मुलाच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी याची आठवण करून द्या.

मूल साक्षीला उभं राहिलं पण बोललं नाही, तर? २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान विरुद्ध छत्रा या प्रकरणात निकाल दिला. घटना १९८६ ची. साक्षीच्या वेळी मुलीला विचारलं तेव्हा ती गप्प राहिली, पुन्हा विचारलं तर नुसती रडली. न्यायाधीशांनी ते तसंच नोंदवलं होतं. उच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं, सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. मुलाचं मौन हे प्रौढ साक्षीदाराच्या मौनासारखं समजता येत नाही, तिच्या अश्रूंचं मोल ओळखलं पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. मी हा निकाल वाचून बराच वेळ बसून होते, कारण इतकी वर्षं अशा मुलांच्या गप्प बसण्याचा फायदा समोरच्याला मिळताना पाहिला आहे. पण निकाल काळजीपूर्वक वाचा. शिक्षा अश्रूंवर झालेली नाही. वैद्यकीय पुरावा होता, मुलगी ज्या अवस्थेत सापडली ते पाहणाऱ्याची साक्ष होती, परिस्थितीजन्य पुरावा होता. मौन सरकार पक्षाच्या विरोधात गेलं नाही, इतकंच. बाकीचा पुरावा लागतोच.

त्या 'बाकीच्या' पुराव्यात बाईंची साक्ष दोन वाटांनी शिरू शकते. पहिली वाट म्हणजे साक्ष्य अधिनियमाचं कलम ४, जुनं कलम ६. घटनेत इतकं मिसळलेलं बोलणं, की ते घटनेचाच भाग वाटावं. मूल ओरडत बाहेर आलं आणि त्याच क्षणी दारात उभ्या माणसाला काही बोललं, असं. मध्ये वेळ गेला की ही वाट बंद होते, आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मुलं सहसा त्या क्षणी बोलतच नाहीत. दुसरी वाट कलम ६, जुनं ८, वर्तनाचं. अत्याचारानंतर थोड्याच वेळात तक्रार केली, तर ती तक्रार, कोणत्या परिस्थितीत केली आणि कोणत्या शब्दांत केली, हे वर्तन म्हणून सुसंगत ठरतं. कलमाखालच्या दाखल्यातच, म्हणजे कायद्यानंच दिलेल्या उदाहरणात, ते दिलंय. मात्र दाखला पुढे असंही बजावतो, की दाद मागण्यासाठी नव्हे, नुसतं सांगितलं असेल तर ते वर्तन नव्हे. सात वर्षांच्या मुलीनं बाईंचा पदर धरून 'मला घरी जायचं नाही, तो काका येतो' म्हणणं ही तक्रार की नुसतं सांगणं? माझ्या मते तक्रार. मूल मोठ्या माणसाकडे जातं ते त्यानं काहीतरी करावं म्हणूनच. पण हे कोर्टाला पटवावं लागतं, आणि पटवायला नेमके शब्द लागतात.

मूल दगावलं असेल तर मृत्युपूर्व जबाबाचं कलम, पूर्वीचं ३२ आणि आताचं २६, लागू होऊ शकतं. पण तेव्हाच, जेव्हा मृत्यूचं कारण हाच खटल्यातला मुद्दा असतो. आत्महत्येलाही ते लागू होतं, हे १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा निकालापासून स्थिर आहे.

शब्दांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. पॉक्सोचं कलम २५ दंडाधिकाऱ्यांना सांगतं, की जबाब मूल बोललं तसाच लिहा. कलम २४ पोलिसांना सांगतं, की मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेशाशिवाय, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं जबाब घ्यावा. कलम २६ सांगतं, आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी आणि शक्य असेल तिथे चित्रीकरण व्हावं. तरतुदी चांगल्या आहेत. प्रत्यक्षात दुसरीतल्या मुलीच्या जबाबात 'सदर इसमाने माझ्या इच्छेविरुद्ध माझ्याशी लैंगिक चाळे केले' असं वाक्य दिसतं. कुठलंही सात वर्षांचं मूल असं बोलत नाही. उलटतपासात वकील एवढंच विचारतो, 'इसम म्हणजे काय गं?' मुलगी गोंधळते, आणि तिचा खरा जबाब पढवलेला वाटू लागतो.

मुलाकडे शरीराच्या अवयवांसाठी घरातले शब्द असतात, वेळेसाठी 'शाळेची सहल गेली त्याच्या आधी' असे हिशेब असतात, आणि ज्या गोष्टीला नाव माहीत नाही तिच्यासाठी हातवारे असतात. ते सगळं तसंच लिहायचं. मुलीनं हातानं दाखवलं असेल तर 'हातानं असं असं दाखवलं' हे लिहायचं. ज्याची कल्पना या वयाच्या मुलाला असूच शकत नाही असा एखादा तपशील, वास, चिकटपणा, त्या माणसानं दिलेली धमकी, हे मुलाच्या वेड्यावाकड्या शब्दांत कागदावर आलं, की ते पढवून आलेलं नाही हे न्यायाधीशांना कुणी सांगावं लागत नाही. बहुतेक प्रकरणांत मुलाच्या शरीरावर खूण सापडत नाही, त्यामुळे हे शब्दच पुराव्याचा कणा असतात.

विचारलेला प्रश्नही लिहायचा. 'त्यानं तुला इथे हात लावला का?' याला मिळालेलं 'हो' जवळजवळ निरुपयोगी, कारण उत्तर प्रश्नातच होतं. 'काय झालं?', 'मग?', 'अजून काही सांगायचंय?' या प्रश्नांना मिळालेल्या उत्तराचं वजन फार वेगळं. आणि तपासाला पुरेसं कळलं की थांबायचं. बाकीचं विचारणं पहिल्या ऐकणाऱ्याचं काम नाही.

असं का? मूल आईला सांगतं, बाईंना सांगतं, पोलिसांना, डॉक्टरांना, बालकल्याण समितीला, समुपदेशकाला, दंडाधिकाऱ्यांना आणि शेवटी कोर्टाला. दर वेळी काहीतरी वेगळं येणारच. मोठी माणसंसुद्धा एकच प्रसंग दोनदा सारखा सांगत नाहीत. बचावाचा वकील हे सगळे कागद शेजारी ठेवतो आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ खाली एकेक तफावत मुलापुढे धरतो. 'डॉक्टरांना तू कपडे काढल्याचं का नाही सांगितलंस?' खरं उत्तर असतं, 'त्यांनी विचारलं नव्हतं'. पण मुलाला ते सुचत नाही. म्हणून मुलाला कमीत कमी वेळा बोलतं करणं, यात त्याच्या मनाची काळजी आहेच, पण खटल्याचीही आहे.

डॉक्टरांविषयी एक गोष्ट. तपासणीच्या कागदावर 'हिस्टरी' म्हणून जे लिहिलं जातं, ते कुणी सांगितलं हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. मुलीनं सांगितलं की बरोबर आलेल्या आईनं? मुलीनं, लगेच, तिच्या शब्दांत सांगितलं असेल तर ती नोंद कलम १६० खाली मोलाची. आईनं सांगितलं असेल तर मुलीच्या साक्षीला तिचा काहीच आधार नाही. एका ओळीचा फरक आहे.

हल्ली पालक घरीच मोबाइलवर मुलाचं बोलणं रेकॉर्ड करतात. भावना समजते, पण त्या चित्रफितीत बहुधा आईचेच प्रश्न आणि आईचंच रडणं जास्त असतं, आणि ती बचावाच्या उपयोगी पडते. रेकॉर्ड झालंच असेल तर पुसू नका, कापू नका, कुणालाही पाठवू नका. मूळ फोन जपून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला सांगा. प्रत दाखल करायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नव्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा). २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालानंतर याबद्दल सबब चालत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेली चित्रफीत मुलाची ओळख उघड करते, आणि तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

आता बाईंच्या खऱ्या काळजीकडे येते. घरचे मागे फिरलेत. हे फार होतं, विशेषतः आरोपी नात्यातला, शेजारचा किंवा घर चालवणारा असतो तेव्हा. आई फितूर झाली तर सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं तिचा उलटतपास घेऊ शकतात. मूल फिरलं तर दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब त्याच्यापुढे ठेवता येतो, पण तो साक्षीची जागा घेत नाही. पॉक्सोच्या कलम २९ चं गृहीतक आहे, आरोपीवर सिद्धतेचा भार टाकणारं. पण मूळ घटना सरकार पक्षानं आधी उभी केल्याशिवाय तेही कामाला येत नाही. त्यामुळे सगळी शक्ती लावायची ती मूल निर्भयपणे बोलू शकेल यासाठी. बालकल्याण समितीकडून आधार व्यक्ती, म्हणजे खटलाभर मुलासोबत राहून मदत करणारी व्यक्ती, मागून घ्या. मुलीला आरोपी दिसू नये यासाठी पॉक्सोचं कलम ३६ आहे. प्रश्न थेट वकील न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत यासाठी ३३(२) आहे. मधून मधून विश्रांती मागता येते. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला तरी खरं बोलायचं असतं हे कळत असेल, तर शपथेविना साक्ष होते, आणि वयाची खालची मर्यादा नाही. २०२२ च्या स्मृती तुकाराम बडदे निकालानंतर असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभी राहू लागली आहेत. तुमच्या जिल्ह्यातलं केंद्र सुरू आहे का, हे सरकारी वकिलांना विचारा आणि आधी एकदा मुलीला ती खोली दाखवून आणा. खोली दाखवणं ही तयारी. उत्तरं घोकून घेणं म्हणजे पढवणं. ही रेघ अजिबात ओलांडू नका.

माझं मत विचाराल तर आपल्या कायद्यात इथे एक मोठी उणीव आहे. अपंगत्व असलेल्या मुलाला जी सोय आहे ती प्रत्येक लहान मुलाला मिळायला हवी. प्रशिक्षित माणसानं, चित्रीकरण करून, एकदाच घेतलेला जबाब हा सरतपास धरावा आणि उलटतपासही लवकर उरकावा. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार चित्रित मुलाखत सरतपास म्हणून चालते. आरोपीचा उलटतपासाचा हक्क त्यात शाबूत राहतो. आपल्याकडे पॉक्सोचं कलम ३५ सांगतं, की दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि वर्षभरात खटला संपवावा. अनेक ठिकाणी पहिल्याच अटीला वर्ष उलटतं. सातव्या वर्षी घडलेलं नवव्या-दहाव्या वर्षी सांगायला लावायचं आणि मग तारीख चुकली म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवायचा, हा अन्याय आपण कायद्यानं घडवतो आहोत.

तोवर बाई, तुमचं काम. मुलीनं सांगितलं त्याच दिवशी तुम्ही टिपण केलं असेल, तारीख, वेळ, जागा, तुमचे प्रश्न, तिचे शब्द, ती कशी दिसत होती, तर तो कागद सरकारी वकिलांना दाखवा. केलं नसेल तर आता जुनी तारीख घालून मुळीच करू नका, त्यानं सगळंच बुडेल. कळवणं तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार तुमच्यावर बंधनकारकच होतं, आणि सद्भावनेनं कळवल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, हे शाळेतल्या घाबरलेल्या सहकाऱ्यांनाही सांगा. साक्षीच्या पिंजऱ्यात मुलीचे शब्द तिचे म्हणूनच सांगा. ती ज्या अवस्थेत तुमच्याकडे आली, डबा न उघडता बसली होती, थरथरत होती, जे काही तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ते आवर्जून सांगा. तो ऐकीव पुरावा नाही. मुलगी कोर्टात गप्प राहिली तरी तेवढं अभिलेखावर राहतं. 'आरोपीनं केलं' असं म्हणू नका, 'तिनं मला असं सांगितलं' असं म्हणा. एखादा तपशील आठवला नाही तर स्मरणासाठी ते टिपण पाहायची परवानगी न्यायाधीशांकडे मागता येते, साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ खाली. मात्र ते पाहिलंत, तर समोरच्या वकिलांनाही ते बघायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. म्हणून जाण्याआधी ते स्वतः एकदा शांतपणे वाचून ठेवा.